जानेवारीत भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम: जागा कशी पारखायची?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून सहा जण निघणार. नवरा-बायको, सात आणि अकरा वर्षांची मुलं, एक बहीण आणि गुडघे दुखणारी सहासष्ट वर्षांची आई. चार माणसांचे दोन तंबू नवे घेतले आहेत. जानेवारीचा पहिला आठवडा, एकच रात्र. कळसूबाई, भंडारदरा की साल्हेर, आणि तंबू नेमका कुठे लावायचा?

आधी उत्तर, मग कारणं. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या एखाद्या गावात, गाडी तंबूपासून पन्नास पावलांवर उभी राहील अशी, पाण्यापेक्षा बऱ्यापैकी उंचावरची खासगी जागा घ्या. कळसूबाई मुलांना दिवसा दाखवता येईल, पण मुक्काम वर नको. साल्हेर या खेपेला सोडा.

जागा बघायला माणसं संध्याकाळी चार-पाचला जातात, तेव्हा ऊन असतं, वारा पडलेला असतो आणि समोर पाणी चमकत असतं. त्या वेळी जवळपास प्रत्येक जागा चांगलीच वाटते. जागा पारखायची ती पहाटे तीनच्या हिशेबाने: तेव्हा थंड हवा कुठे साचेल, वारा कुठून येईल, आईला शौचाला कुठवर चालावं लागेल, मूल आजारी पडलं तर गाडी किती वेळात डांबरी रस्त्याला लागेल.

थंडीपासून सुरुवात करू, कारण पहिल्या खेपेला फसगत तिथेच होते. 'जितकं उंच तितकं थंड' हे दिवसा बरोबर आहे, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांचा फरक पडतो. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गणित उलटतं. जमीन उष्णता सोडते, तिला लागलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत जाऊन सखल जागी साचते. थंडीच्या बातम्यांत निफाडचं नाव दरवर्षी येतं ते आठवा. निफाड काही डोंगरात नाही, गोदाकाठच्या सपाटीवर आहे, तरी तिथला पारा नाशिक शहराच्या खाली जातो. हाच प्रकार डोंगरातल्या दरीच्या तळाशी लहान प्रमाणात होतो. म्हणून ओढ्याकाठची गवताळ खोलगट जागा, भाताची रिकामी खाचरं, जलाशयाच्या अगदी काठची सपाटी या तिन्ही जागा त्याच परिसरात सर्वांत गार आणि सर्वांत ओल्या असतात. तिथून दहा-पंधरा मीटर उंच, उताराच्या मधल्या पट्ट्यात एखादा सपाट टप्पा मिळाला तर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. दवही कमी पडतं.

पण त्याच नादात थेट धारेवर जाऊ नका. डोंगराची सोंड आणि दोन डोंगरांमधली खिंड या वाऱ्याच्या वाटा आहेत. खाली झुळूक असते तेव्हा खिंडीत तंबूच्या फ्लायशीटचा, म्हणजे वरच्या बाहेरच्या कापडाचा, रात्रभर फडफडाट चालतो, आणि त्या आवाजात मुलं झोपत नाहीत. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचा वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, पण दरीत तो दरीच्याच दिशेने वळतो, त्यामुळे नकाशावरून ठरवण्यापेक्षा जागेवर बघावं. काठीला फितीचा तुकडा बांधून अर्धा तास ठेवा. झुडपांकडे बघा: एकाच बाजूला कलून वाढलेली असतील तर ती जागा कायम वाऱ्याची आहे. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा, दार आडोशाला. दार पूर्वेकडे ठेवता आलं तर उत्तम, सातच्या सुमारास सूर्य वर येतो आणि दवाने भिजलेलं कापड लवकर वाळतं. मात्र पूर्वेला उंच डोंगर असेल तर तिथे ऊन नऊ वाजेपर्यंत येत नाही, आणि तुम्ही ओला तंबू गुंडाळून घरी आणता.

आता पाणी. तंबू पाण्याला टेकलेला असतो तो फोटोपुरताच. काठापासून किमान साठ-सत्तर मीटर लांब आणि उभ्या अंतराने तीन-चार मीटर वर असा हिशेब धरा. जलाशयाच्या काठावर काड्या-कचऱ्याची, फिकट दगडांची रेघ दिसते, ती पाण्याची अलीकडची चढाई. त्या रेघेच्या आत कधीच नाही. पाणी ओसरून उघडी पडलेली गाळाची जमीन दिसायला सपाट असते, पण खुंट्या तिच्यात धरत नाहीत. दव पडलं की वरचा थर चिकट होतो आणि बुटांबरोबर निम्मा गाळ तंबूत येतो. मुलांना संध्याकाळनंतर काठाकडे जाऊच द्यायचं नाही, कारण गाळाच्या काठावर दोन पावलांत खोली बदलते.

धरणाच्या वर आणि धरणाच्या खाली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विल्सन धरणाखाली प्रवरेचं पात्र हिवाळ्यात सुंदर दिसतं, खडक कोरडे, मधे छोटे डोह. पण सिंचनाचं आवर्तन सुटलं की त्याच पात्रात पाणी वाढतं, त्यासाठी पाऊस लागत नाही. दारणेच्या आणि इतर धरणांखालच्या पात्रांनाही हेच लागू. पात्रात, पात्रातल्या बेटावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर तंबू लावायचा नाही. साम्रदच्या सांदण दरीच्या तळाशी मुक्काम हासुद्धा याच कारणाने वाईट विचार आहे: दोन्ही बाजूंना उभा कातळ, वरून दगड सुटतात, आणि अवकाळी सर आली तर सुटायला जागा नाही. अवकाळीला जानेवारी वर्ज्य नाही, हे द्राक्षबागवाल्या कुणालाही विचारा. निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा नाशिक आणि अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज बघा, कारण भंडारदरा अकोले तालुक्यात येतो. विजांचा इशारा असेल तर मुक्काम पुढे ढकला. पठारावर एकट्या झाडाखालचा तंबू विजेला सर्वांत सोयीचा.

जमीन बघताना पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवा. कोणत्याही दिशेने हळूहळू घरंगळली तर चालेल, सुटून पळाली तर जागा बदला. दोन मीटर लांबीत पाच-सात सेंटीमीटर उतार ठीक असतो, उलट थोडा उतार हवाच, म्हणजे पाणी साचत नाही. डोकी चढाच्या बाजूला. उतार आडवा असेल तर पहाटेपर्यंत सगळे एकाच कडेला गोळा होतात आणि कडेच्या माणसाचं अंग ओल्या कापडाला टेकतं. भोवती चर खणायची जुनी सवय सोडून द्या. त्याने जमिनीची धूप होते, आणि जिथे चराची गरज वाटते ती जागाच चुकीची असते.

चार माणसांचा तंबू जमिनीवर साधारण सव्वादोन बाय अडीच मीटर जागा घेतो, पण दोऱ्या ताणून लावायला चार बाय चार मीटर लागतात. दोन तंबूंमध्ये दोन-तीन मीटर मोकळे सोडा, म्हणजे रात्री कुणी दोरीत पाय अडकून पडणार नाही. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या तर आणखी बरं. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर लहान हवी. बाहेर डोकावली तर फ्लायशीटवरून ओघळलेलं दव थेट तळाखाली जातं, आणि मग दुकानदाराला 'तंबू गळतो' म्हणून शिव्या बसतात.

आपल्या डोंगरात माती किती खोल आहे हा खरा प्रश्न असतो. सह्याद्रीचा कातळ अनेक पठारांवर वीत-दीड वीत मातीखालीच लागतो. तंबूसोबत येणाऱ्या पातळ खुंट्या मुरमात वाकतात आणि कातळात जातच नाहीत. वीस-बावीस सेंटीमीटरच्या जाड लोखंडी खुंट्या बरोबर घ्या, आणि त्यांचं डोकं तंबूपासून दूर कललेलं राहील अशा तिरक्या ठोका. जाईनातच तर दोरी खुंटीच्या मधोमध बांधून खुंटी आडवी ठेवा आणि तिच्यावर दोन मोठे दगड रचा, एक दोरीवर आणि एक त्याच्या पुढे. दगड उचलताना पालथा हात घालू नका. बुटाने किंवा काठीने आधी उलटवा, कारण खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. सकाळी दगड होते तिथे परत ठेवा.

झाडाचा आडोसा घ्यावा की नाही? घ्यावा, पण वर बघून. पानांच्या छताखाली दव कमी पडतं आणि गारठाही थोडा कमी असतो, त्यामुळे जुन्या आंब्याची कड ही चांगली जागा. मात्र वाळलेली फांदी डोक्यावर नको. आग्या मोहोळ नाही ना, हे झाडावर आणि मागच्या कड्यावरही तपासा. काळसर अर्धगोल पडदा लटकलेला दिसला तर तिथून दोनशे-तीनशे मीटर तरी लांब जा. धूर, उग्र अत्तर आणि ड्रोनचा आवाज या माश्यांना खवळवतात. उंबर पिकलेला असेल तर रात्रभर वटवाघळं येतात आणि तंबूवर फळांचा सडा पडतो. गुरं बसतात ती सावली दिसायला स्वच्छ असते, पण तिथे गोचिडी असतात. जमिनीत उंदरांची ताजी बिळं दिसली तरी पुढची जागा बघा. उंदीर म्हणजे घोणस, नाग आणि मण्यार यांचं खाद्य.

प्यायला आणि स्वयंपाकाला हिवाळ्यात माणशी चार-पाच लिटर लागतात. सहा माणसांना तीस लिटर, म्हणजेच तीस किलो वजन. तुमची जागा गाडीजवळ हवी हे या एका आकड्यानेच ठरतं. वीस लिटरचे दोन जार घरून भरून न्या. गावातली विहीर किंवा नळाचं पाणी मिळालं तर ते वापरायला ठेवा, प्यायला घ्यायचं झाल्यास कपड्यातून गाळून खळखळून एक मिनिटभर उकळा. जलाशयाचं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात गुरं उतरतात.

आईंसाठी स्वच्छतागृह तंबूपासून तीस-चाळीस मीटरच्या आत, पायऱ्या नसलेल्या वाटेवर आणि शक्यतो कमोडचं हवं. रात्री दोनला गार गुडघ्यांनी उकिडवं बसता येत नाही. ही एकच अट पाळली तरी भंडारदऱ्याच्या निम्म्या जागा यादीतून आपोआप गळतात. आईंच्या तंबूत एक प्लास्टिकचं ठेंगणं स्टूल ठेवा, आत-बाहेर करताना गुडघ्यांपेक्षा त्याचाच आधार लागतो. तात्पुरता खड्डाच करायचा झाला तर पाण्यापासून साठ मीटरवर, वीतभर खोल, आणि कागद परत पिशवीत.

शेंडी, मुरशेत, पांजरे, रतनवाडी या बाजूंना शेतात तंबूची सोय करणारी बरीच घरं आणि केंद्रं आहेत. आगाऊ पैसे पाठवण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. 'व्ह्यू कसा आहे' हा प्रश्न त्यात नाही. शौचालयं किती आणि त्या रात्री माणसं किती? पंधरा-वीस माणसांमागे एक याहून कमी असेल तर सकाळी रांग लागणार. स्पीकर किती वाजता बंद होतो? 'दहाला' हे उत्तर ठाम आलं तर ठीक, 'पाहुण्यांवर आहे' असं आलं तर दुसरीकडे फोन लावा. आपला स्वतःचा तंबू लावू देता का, आणि तो पाण्यापासून किती लांब? रात्री जागेवर कोण थांबतं? मालक किंवा त्याच्या घरचं कुणी तिथेच झोपत असेल तर ती जागा शंभर रुपयांनी महाग असली तरी घ्या. नाव, गाव आणि जागेचा चालू फोटो मागा, तोही पावसाळ्यातला हिरवागार नव्हे, या आठवड्यातला. ३१ डिसेंबर आणि त्याला लागून आलेला शनिवार-रविवार टाळा. तुमची तारीख एखाद-दोन दिवस सरकत असेल तर मंगळवार-बुधवार धरा, तीच जागा निम्म्या गजबजाटात मिळते.

गावकऱ्याच्या शेतात थांबायचं असेल तर आधी घरी जाऊन विचारा. 'मामा, इथं एक रात्र तंबू लावला तर चालेल का' एवढं पुरतं, आणि जेवणही त्याच घरी सांगा. नागलीची भाकरी आणि पिठलं गरम मिळतं, तुमचं गॅसचं ओझं हलकं होतं, आणि रात्री काही लागलं तर हाक मारायला माणूस असतो. रिकामं दिसणारं माळरान कुणाचं तरी असतंच: शेतकऱ्याचं, पाटबंधारे खात्याचं नाहीतर वनखात्याचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरा, पावती जवळ ठेवा, आणि अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू लावू नका.

जानेवारीत गुडघाभर वाळलेलं गवत सगळीकडे उभं असतं. शेकोटी करायचीच झाली तर मालकाने ठरवलेल्या जुन्या जागीच, तंबूपासून आठ-दहा मीटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि बाजूला पाण्याची बादली. ठिणगीने फ्लायशीटला पडलेलं भोक बुजतं, वणवा विझत नाही. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत घेणं मात्र जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊब खालून मिळवा: प्रत्येकाखाली दहा-बारा मिलिमीटरची फोम मॅट, आई आणि मुलांखाली दोन. अंगावर तिसरं पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली दुसरी मॅट जास्त कामाची. तंबूची वरची जाळी उघडी ठेवा, नाहीतर सहा जणांच्या श्वासाची वाफ आतून ठिबकते.

बिबट्या अकोले-इगतपुरीच्या पट्ट्यात आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण उरलेलं मटण आणि हाडं तंबूमागे फेकू नका, कुत्रं बरोबर असेल तर बाहेर बांधू नका, आणि अंधार पडल्यावर मुलांना एकट्याने आडोशाला पाठवू नका. मोठं माणूस बरोबर, हातात टॉर्च, तोंडाने बोलणं चालू. बूट आत ठेवायचे, सकाळी झटकूनच घालायचे. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. तो अवयव हलू न देता माणसाला गाडीत घाला आणि १०८ ला फोन लावत रुग्णालयाकडे निघा. यासाठीच गाडीचं तोंड पहिल्यापासून बाहेरच्या रस्त्याकडे हवं आणि तिच्या मागे दुसरी गाडी लागलेली नसावी. मोबाइलची रेंज जागेवर पोचताच तपासा. घाटघर-साम्रदकडे ती येते-जाते. जिथे येते तो कोपरा सगळ्यांना दाखवून ठेवा.

कळसूबाईवर मुक्काम का नको, तर १६४६ मीटरचा तो माथा लहान आहे, चारही बाजूंनी उघडा आहे, आणि वाटेत लोखंडी शिड्या आहेत. आजारी मुलाला किंवा आईंना रात्री त्या शिड्यांवरून उतरवणं म्हणजे नवं संकट. पायथ्याच्या बारी गावाहून पहाटे निघून दुपारपर्यंत परत येणं अकरा वर्षांच्या मुलाला जमतं, धाकटा मधेच कंटाळला तर एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन परतायचं हे आधीच ठरवा. साल्हेर १५६७ मीटरचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला. वर गुहा आहेत, टाकी आहेत, पण सामान आणि पाणी पाठीवर घेऊन चढायचं, आणि संरक्षित किल्ल्यावर तंबू-चूल करायची नाही. मुलं मोठी झाली की पायथ्याच्या साल्हेरवाडीत रात्र काढून पहाटे चढा. अंजनेरी जवळ आहे म्हणून मोह होईल, पण ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, फक्त तिथल्या आसपास आढळणारी कंदीलपुष्पाची जात तिथल्या गवतात वाढते, तिथे तंबूचा विचार नको.

वेळेचं गणित असं बसवा. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यास्त सहा-सव्वासहाला होतो आणि डोंगराच्या सावलीत त्याच्याही अर्धा तास आधी अंधारतं. नाशिकहून घोटीमार्गे दोन-अडीच तास धरून जागेवर दुपारी तीनपर्यंत पोचा. पहिला अर्धा तास काहीही उतरवू नका, फक्त फिरून बघा. नवे तंबू घरच्या गच्चीवर एकदा लावून बघितलेले असतील तर दोन्ही मिळून पाऊण तासात उभे राहतात, नाहीतर दीड तास जातो आणि एक कांब उलटी बसते. आणि निघण्यापूर्वीच शेंडीतल्या एखाद्या साध्या लॉजचा किंवा घरगुती खोलीचा नंबर घेऊन ठेवा. पाचपर्यंत जागा पटली नाही, शेजारच्या तंबूत स्पीकर बसताना दिसला किंवा आकाश भरून आलं, तर आईंना आणि मुलांना तिकडे झोपवा, हौशी दोघांनी तंबूत थांबावं.